आचारसंहिता संपली की पैसे येतील

माझ्या एक्सेलमध्ये एक कॉलम होता, त्याचं नाव "येणार". आलेले पैसे हिरवे, येणार असलेले पिवळे. २०२४ च्या दिवाळीत ती शीट उघडली की अख्खी पिवळीधमक, झेंडूचा मळाच जणू, आणि मी ते बघून चक्क खूश व्हायचो कारण खाली टोटलला चार लाखाच्या आसपास आकडा यायचा. बँकेत त्या दिवशी सहा हजार तीनशे रुपये होते.

मी व्हिडिओ एडिटिंग आणि मोशन ग्राफिक्स करतो, पुण्यात, २०१६ मध्ये नोकरी सोडली तेव्हापासून स्वतःचंच काम. सुरुवातीची बरीच वर्षं माझं पोट नगरसेवकांवर चाललं असं म्हटलं तरी चालेल. कार्यअहवाल, वाढदिवसाचे व्हिडिओ, प्रभागातल्या कामांच्या क्लिपा, उद्घाटनं. पैसे थोडे पण लगेच, बऱ्याचदा कॅश, कारण ऑफिसात बसलेला पोरगा आपल्या ओळखीचा असतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. सगळे म्हणाले सहा महिन्यांत निवडणूक लागेल. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारीख, पुढची तारीख, असं करत ते सहा महिने पावणेचार वर्षं चालले. नगरसेवक माजी झाले, माजी झालेल्या माणसाला कार्यअहवाल लागत नाही. इच्छुक उमेदवार बरेच होते, "भावी नगरसेवक" म्हणून बॅनर लावणारे, पण त्यांचं म्हणणं असं की तिकीट मिळू दे मग तुझं सगळं बघतो.

तर अशी गिऱ्हाइकं आटल्यावर मी एका जाहिरात एजन्सीचं काम धरलं. ती एजन्सी सरकारी खात्यांची जनजागृतीची कामं घ्यायची आणि आमच्यासारख्यांना पुढे वाटायची. रेट बरा होता, काम सतत होतं, आणि हळूहळू माझ्या कमाईतला निम्म्याहून जास्त हिस्सा त्या एकाच ठिकाणाहून यायला लागला. आता मागे वळून बघताना पहिली चूक ही दिसते, तेव्हा ती प्रगती वाटत होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना एक बिल दिलं, १ लाख १० हजारांचं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आता आचारसंहिता आहे, डिपार्टमेंटकडून काही येणार नाही, ती संपली की लगेच करते." ६ जूनला आचारसंहिता उठली आणि खरंच जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे आले, पूर्ण, टीडीएस कापून. माझ्या डोक्यात तिथेच एक नियम पक्का झाला की आचारसंहिता संपली की पैसे येतात. हे बिल अडकलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, निदान पुढचा एवढा भरवसा तरी ठेवला नसता.

पुढे जुलै ते ऑक्टोबर काय धावपळ होती ते या लाइनमधल्यांना वेगळं सांगायला नको. विधानसभा डोक्यावर, योजनांच्या जाहिरातींचा पूर, आणि सगळं "आचारसंहितेच्या आत" पाहिजे. रात्री दोनला करेक्शन, सकाळी सातला नवीन व्हर्जन, मंत्र्यांचा फोटो बदला, लोगो मोठा करा, या ओळीत "तात्काळ" घाला. २२ जुलैला १ लाख ८० हजारांचं बिल दिलं आणि ९ ऑक्टोबरला १ लाख ९० हजारांचं. १५ ऑक्टोबरला दुपारी निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद सुरू होती तेव्हा मी शेवटच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट लावून बसलो होतो, एका स्क्रीनवर प्रोग्रेस बार आणि दुसऱ्या स्क्रीनवर तारखा. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. मी मनात हिशोब केला, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपले पैसे.

या बिलांवर जीएसटी होता १८ टक्के. माझी उलाढाल २० लाखांच्या खालीच असते, म्हणजे मला नंबर घ्यायची सक्ती नव्हती, पण एजन्सी नंबर असल्याशिवाय काम देत नाही म्हणून घेतलेला. आता हा जीएसटी भरायचा असतो बिल फाडल्याच्या हिशोबाने, पैसे आल्याच्या नाही. दोन बिलांचा मिळून ६६ हजार ६०० होत होता. इनपुट क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीच्या खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी यातून वजा होतो तो, माझ्याकडे सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन आणि एक हार्ड डिस्क एवढ्याचाच, किरकोळ, बाकीचे मी खिशातून भरले. म्हणजे खिशातून तरी कुठे, क्रेडिट कार्डावर बाकीचा संसार ढकलला आणि खात्यातले पैसे सरकारला दिले. सरकारच्या कामाचे पैसे सरकारकडून यायचेत आणि त्याच्यावरचा कर मी सरकारला उधार काढून भरतोय, हे कळायला मला दोन वेळा मोठ्याने बोलून बघावं लागलं.

निकाल लागला शनिवारी. असा स्पष्ट निकाल की मला वाटलं सोमवारीच सरकार. पण मुख्यमंत्री कोण हे ठरेना. मी राजकारणातला माणूस नाही, पण त्या दहा-बारा दिवसांत मी जितका न्यूज चॅनल बघितला तितका आयुष्यात बघितला नसेल. लोक बघत होते मुख्यमंत्री कोण होतो, मी बघत होतो आमचं खातं कोणाकडे जातंय. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला, मी मॅडमना फोन केला. "सर, अजून मंत्रिमंडळ कुठे झालंय." १५ डिसेंबरला नागपुरात विस्तार झाला, परत फोन. "सर, खातेवाटप होऊ दे." २१ ला खातेवाटप झालं. "सर, सगळे नागपूरला आहेत, अधिवेशन संपलंय पण अजून परतले नाहीत, जानेवारीत बघू." जानेवारीत "बीम्सवर निधी नाही आला", बीम्स म्हणजे खात्यांना निधी वाटायची सरकारची ऑनलाइन यंत्रणा. या बाईंबद्दल माझा राग नाही, त्या खरंच मला वरून आलेलं सांगत होत्या. पण प्रत्येक वेळी कारण इतकं खरं असायचं, पेपरात छापून आलेलं, की मला वाद घालायला जागाच राहायची नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर आपण भांडतो, इथे अख्खा महाराष्ट्रच थांबलाय म्हटल्यावर कोणाशी भांडणार.

(आचारसंहितेचं म्हणाल तर झालेल्या कामाचे पैसे द्यायला त्यात मनाई नसते. नवीन कामं, नवीन टेंडर थांबतात, पण पूर्ण झालेल्या कामाचं पेमेंट अधिकाऱ्याला काम पटलं असेल तर करता येतं, आयोगाच्या सूचनांमध्येच आहे. हे मला समजलं फेब्रुवारीत.)

या मधल्या काळात कर्ज कसं चढलं ते सांगतो, कारण एका दिवसात कोणी दोन-तीन लाखांच्या खड्ड्यात पडत नाही. महिन्याचा खर्च आमचा ५२-५५ हजार, घरभाडं, मुलाची फी, एडिटिंगच्या मशीनचा हप्ता ७,४०० धरून. बायको एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, तिचे २२ हजार. उरलेले माझे. किरकोळ कामं चालू होती, लग्नाचे व्हिडिओ, एका क्लासच्या रील्स, पण ते २० हजारांच्या पुढे जाईना. त्यामुळे किराणा कार्डावर, पेट्रोल कार्डावर, फी कार्डावर. पहिले दोन महिने पूर्ण बिल भरलं. सप्टेंबरपासून "मिनिमम ड्यू".

मिनिमम ड्यू हा शब्द ज्याने काढला त्याला मानलं पाहिजे. बिल १ लाख ४८ हजारांचं, खाली लिहिलेलं असतं ७,४०० भरा आणि निवांत रहा, आणि आपण भरतो आणि खरंच निवांत होतो. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला ३.६ टक्के होतं. १ लाख ४८ हजारांवर महिन्याचं व्याज ५,३२८, त्याच्यावर परत १८ टक्के जीएसटी ९५९, झाले ६,२८७. म्हणजे मी भरलेल्या ७,४०० मधले अकराशे रुपये फक्त मुद्दलात गेले. त्यात अजून एक गोष्ट मला माहीतच नव्हती, की एकदा पूर्ण बिल भरलं नाही की ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे जे असतं ते बंद होतं आणि नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मी मिनिमम भरून त्याच कार्डावर किराणा घेत होतो. त्या महिन्यातल्या तुरीच्या डाळीवर मी वर्षाला ४३ टक्क्यांनी व्याज भरलंय.

त्याच डिसेंबरात २० तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजावर जी ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती ती रद्द. मी बातमीचा मथळा बघून आशेने उघडली होती, मला वाटलं काहीतरी कमी होतंय.

बँकेत पर्सनल लोनला गेलो होतो सप्टेंबरात. तिथला मुलगा चांगला होता, त्याने आयटीआर बघितला, खातं बघितलं, म्हणाला, "सर, सॅलरी स्लिप असती तर आज झालं असतं." २०२३ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या फायली मागेच पडतात असं तो म्हणाला. मग मी काय केलं तर फोनवर अॅप उघडलं आणि सात मिनिटांत ८० हजार घेतले. १२ हप्ते, ७,८८० चा एक. कागदावर वार्षिक दर ३२ टक्के स्पष्ट लिहिलेला होता, फसवलं वगैरे कोणी नाही, मी तो आकडा वाचला आणि "तीनच महिन्यांचा प्रश्न आहे" म्हणून अंगठा दाबला.

निवडणुकीच्या काळात हातात रोख यावी म्हणून एका उमेदवाराच्या रील्स पण घेतल्या. ४५ हजार ठरले, १५ ॲडव्हान्स. बिल देऊ का विचारलं तर त्यांचा माणूस म्हणाला, "बिल कशाला दादा, खर्चात दाखवावं लागतं." उमेदवार पडला. पडलेला उमेदवार फोन उचलत नाही हे आमच्या धंद्यातलं जुनं ज्ञान आहे आणि बिलच नाही म्हटल्यावर मागणार तरी कशाच्या जोरावर. ते ३० हजार मी पिवळ्या कॉलममध्ये मात्र जानेवारीपर्यंत ठेवले होते.

फुटलं ते ५ जानेवारीला. अॅपचा हप्ता बाउन्स झाला, बँकेने वेगळा दंड लावला, अॅपने वेगळा, आणि ते खातं जॉइंट असल्यामुळे मेसेज बायकोच्या फोनवर गेला. ती क्लिनिकमधून आली, पर्स ठेवली, म्हणाली, "किती?" मी म्हणालो, हप्ता ना, सात हजार आठशे. "तो नाही. एकूण किती."

मला एकूण माहीतच नव्हतं. मला "येणार" तोंडपाठ होतं, अगदी रुपयापर्यंत, एजन्सीचे टीडीएस कापून ३ लाख ९९ हजार ६००, आणि देणं किती हे मी कधी एका कागदावर लिहिलं नव्हतं. त्या रात्री मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. एक कार्ड १ लाख ४८ हजार, दुसरं ६२ हजार, अॅपचे ६३ हजार मुद्दल बाकी, मशीनचे राहिलेले ४४ हजार, मित्राकडून हातउसने २५ हजार. ३ लाख ४२ हजार. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली की म्हणजे ते आले तर हे फिटतं. मी म्हणालो हो. म्हणाली, "आणि नाही आले तर?"

मी बोललो नाही. तीच म्हणाली, पाटल्या ठेवू.

चार तोळ्यांच्या पाटल्या, लग्नातल्या. माझा नकार होता, आईचा तर कडकडीत नकार होता, "अरे, दागिने गहाण टाकायची वेळ आली का आपल्यावर, मी पेन्शनमधून देते थोडे थोडे." बायको म्हणाली, "आई, त्या नऊ वर्षं लॉकरमध्ये आहेत आणि लॉकरचं भाडं आपणच भरतोय." आई गप्प झाली, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या डोक्यात गहाण म्हणजे सावकार, तिच्या वडिलांची जमीन तशीच गेली होती. आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेच होतं, कार्डावर ४३ टक्के भरताना लाज वाटली नाही पण बँकेत सोनं ठेवायला लाज वाटत होती.

बँकेचा सराफ आठवड्यातून दोनच दिवस बसतो त्या ब्रँचला. त्याने कसोटीवर घासलं, वजन केलं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देता येतं म्हणाला, २ लाख १० हजार मंजूर झाले, वर्षाला पावणेदहा टक्क्यांनी. तिथेच बाकड्यावर बसून हिशोब केला, याचं महिन्याचं व्याज १,७०६. तेवढ्याच रकमेवर कार्डांचं जीएसटीसकट ८,९२१ होत होतं. महिन्याला सात हजारांचा फरक आणि त्यासाठी मी चार महिने लाजत बसलो होतो. त्याच दुपारी दोन्ही कार्डं पूर्ण भरली. एक कार्ड बंद केलं, दुसरं बायकोकडे दिलं, तिने ते कुठे ठेवलंय मला आजही माहीत नाही.

त्याच्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या कार्डवाल्यांकडून फोन आला होता, ६२ हजारांच्या जागी ३८ हजार भरा आणि सेटल करा. ऐकायला फारच गोड होतं. माझा एक सीए मित्र आहे, त्याला विचारलं तर तो ओरडलाच, "अरे येड्या, सेटल्ड लागलं ना सिबिलवर की पुढची सात वर्षं घरासाठी कर्ज मागायचं विसर." क्लोज्ड आणि सेटल्ड या दोन शब्दांमध्ये केवढा फरक आहे ते तेव्हा कळलं. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो तो काढला, ७७१ चा स्कोअर ७०२ वर आला होता, एका बाउन्समुळे आणि कार्डाचं लिमिट काठोकाठ वापरल्यामुळे.

वसुलीचे फोन फार नाही आले पण जे आले ते वाईट होते. अॅपवाल्यांचा एक माणूस रात्री साडेनऊला फोन करायचा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हे मी त्याला शांतपणे सांगितलं, त्याचं नाव आणि वेळ लिहून घेतोय असंही सांगितलं आणि त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकली. पुढचे फोन दिवसा आले आणि "सर" म्हणत आले. फेब्रुवारीचा हप्ता वेळेवर गेला, मग तेही थांबले.

आता मुख्य भाग. सीए मित्राने जानेवारीत मला एकच प्रश्न विचारला, की तुझा करार कोणाशी आहे, सरकारशी का एजन्सीशी. एजन्सीशी. मग सरकार बनो, न बनो, तुझं काय देणंघेणं? हे इतकं साधं होतं की मला राग आला. मी तीन महिने ज्या शपथविधीची, खातेवाटपाची वाट बघत बसलो होतो त्याचा माझ्या बिलाशी कायद्याने काही संबंधच नव्हता. एजन्सीला पैसे मिळाले नाहीत हा एजन्सीचा धंद्यातला धोका, तो त्यांनी न विचारता माझ्या गळ्यात घातला आणि मी तो हार म्हणून घालून फिरत होतो.

मग त्याने विचारलं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का. होतं, २०२२ मध्ये करंट खातं उघडताना केलेलं, पीडीएफ मेलमध्ये पडून होती. त्याचा एवढा उपयोग असतो हे माहीत नव्हतं. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. त्याच्या पुढे गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तेव्हा बँक रेट पावणेसात होता, म्हणजे सव्वावीस टक्के. फक्त रजिस्ट्रेशन कामाच्या आधीचं पाहिजे, माझं होतं. हे नशीब, अक्कल नव्हे.

पण त्याच्या मते खरा मार व्याजाचा नाही, आयकराचा. १ एप्रिल २०२४ पासून कलम ४३बी मध्ये एच नावाचं पोटकलम लागू झालं होतं, की अशा छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते थकलेलेच असले तर काम करून घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देतील त्या वर्षी धरायचा. म्हणजे माझे ३ लाख ७० हजार त्यांच्या नफ्यात मिळवले जाणार आणि त्याच्यावर त्यांना कर. "तू आत्ता जानेवारीत भांडू नको," तो म्हणाला, "फेब्रुवारीत भांड. मार्चमध्ये त्यांचा सीएच तुझ्या बाजूने भांडेल."

आणि एक गंमत त्याने दाखवली. माझं २६एएस, म्हणजे आपल्या नावाने कोणी किती टीडीएस भरला ते दाखवणारं आयकराचं स्टेटमेंट, उघडलं. त्यात जुलैच्या बिलाचा १८ हजार टीडीएस एजन्सीच्या नावाने जमा दिसत होता. पैसे एक रुपया आला नव्हता, पण त्यांच्या वहीत माझं बिल खर्च म्हणून पडलेलं होतं, त्याच्याशिवाय टीडीएस कापला गेलाच नसता. म्हणजे "काम अप्रूव्ह व्हायचंय" वगैरे आता कोणी म्हणू शकत नव्हतं. ऑक्टोबरच्या बिलाचे १९ हजार फेब्रुवारीत दिसायला लागले. शिवाय मी भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट पण त्यांच्याकडे गेलेलं. बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्यांना व्याजासकट परत भरावं लागतं, आणि जुलैच्या बिलाचे १८० दिवस जानेवारीतच होऊन गेले होते.

२४ फेब्रुवारीला मेल लिहिली. चार वेळा लिहिली खरं तर. पहिली रागाची होती, दुसरी रडकी, तिसऱ्यात आचारसंहिता हा शब्द सात वेळा आला होता. शेवटची पाठवली त्यात फक्त बिलांचे नंबर, तारखा, उद्यम नंबर आणि सर्टिफिकेट, २६एएसचे स्क्रीनशॉट आणि व्याजाचा तक्ता, साधारण ३१ हजार. खाली एक ओळ, की १५ मार्चपर्यंत पैसे आले नाहीत तर सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज करतो, हा अर्ज छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. अर्ज मी खरोखरच भरून ठेवला होता, फक्त सबमिट दाबलं नव्हतं. मॅडमना वेगळा फोन केला, म्हटलं तुमच्यावर राग नाही, मेल वर पाठवा आणि एक प्रत तुमच्या सीएला. त्या म्हणाल्या, "सर, बरं झालं लेखी आलं, मला पण दाखवायला काहीतरी पाहिजेच होतं."

दोन आठवडे सन्नाटा. १२ मार्चला एजन्सीच्या मालकांचा फोन, आपले संबंध, आपण फॅमिलीसारखे, असं कायदेशीर कशाला. माझा आवाज थरथरत होता हे कबूल करतो. मी एवढंच म्हणालो की सर, संबंध आहेत म्हणून तर अर्ज केला नाहीये अजून. २१ मार्चला जुलैचं अख्खं बिल आलं, १ लाख ९४ हजार ४००. २९ मार्चला शनिवारी रात्री आठ वाजता दीड लाख. राहिलेले ५५ हजार २०० मेमध्ये, तीन फोननंतर. व्याज मी सोडलं. मित्र म्हणतो मूर्खपणा केला. असेल. पण कौन्सिलला कायद्यात ९० दिवस लिहिलेत आणि प्रत्यक्षात किती लागतात हे त्या रांगेतल्या लोकांना विचारा, मला तेव्हा हप्ता भरायचा होता, केस जिंकायची नव्हती.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर त्याच एजन्सीकडे तेवढ्याच पैशांसाठी अडकला होता, त्याचं उद्यम नव्हतं, त्याने फेब्रुवारीत काढलं पण काम आधीचं. त्याचे पैसे गणपतीत आले, तेही तुकड्या-तुकड्याने. थेट सरकारचं काम करणारे रस्ते-इमारतींचे कंत्राटदार तर तेव्हा आंदोलनं करत होते, त्यांच्यापुढे आमचं दुःख म्हणजे चिल्लर.

मार्चमधल्या पैशातून आधी अॅपचं कर्ज संपवलं, नो ड्यूज पत्र मागून घेतलं (मागितल्याशिवाय आलं नाही), मित्राचे २५ हजार दिले, मग मशीन. सोन्याचं शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात स्वस्त होतं, आईला हे काही केल्या पटेना, तिच्या मते ते पहिलं सोडवायचं. नोव्हेंबरपर्यंत चाललं ते. वर्षभरात सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून माझा ९४ हजार टीडीएस कापला होता. आयकराच्या ४४एडीए कलमाने निम्मी कमाई उत्पन्न धरली की नव्या करपद्धतीत माझा कर शून्य, म्हणजे ते सगळे ९४ हजार परत येणारे, फक्त एक वर्ष उशिरा. त्या वर्षात मी त्याच पैशाच्या तिप्पट कर्ज काढून बसलो होतो. कमी दराने टीडीएस कापायचं सर्टिफिकेट मागता येतं, या वर्षी तो अर्ज केलाय. रिफंड आला तो सरळ सोन्याच्या कर्जात.

पाटल्या घरी आल्या तेव्हा बायकोने घालून बघितल्या आणि म्हणाली, एक सैल झालीये. लॉकर आम्ही मधल्या काळात सोडून दिला होता, त्यामुळे आता त्या कुठे ठेवायच्या यावरून दोन दिवस चर्चा.

"येणार" कॉलम अजून आहे पण त्याची टोटल काढत नाही, सूत्रच उडवलं. एजन्सीचं काम अजूनही करतो, हो, पण ४० टक्के आधी घेऊन, आणि बिलावर उद्यम नंबर ठळक टाईपात. त्यांनी दोन महिने काम दिलं नाही, मग परत दिलं.

१५ डिसेंबर २०२५ ला महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या जाहीर झाल्या, १५ जानेवारीला मतदान. त्याच संध्याकाळी एका भावी नगरसेवकाचा फोन, जुनी ओळख, दहा रील्स आणि एक गाणं, उद्यापासून. "पैशाचं तू काळजीच करू नको, निकाल लागला की लगेच." मी म्हणालो, "साहेब, पन्नास टक्के आत्ता, पन्नास फाईल देताना, आणि बिल जीएसटीचं." थोडा वेळ शांतता. "अरे, आचारसंहिता लागलीये, बिलाचं नंतर बघू की." मी क्यूआर पाठवला. तो त्याने बघितला, निळ्या टिका आल्या, पैसे काही आले नाहीत. त्याचं गाणं दुसऱ्याच कोणीतरी केलेलं ऐकलं नंतर, बरं झालं होतं, फक्त व्हॉइसओव्हर जरा घाईत उरकलेला वाटला.